पोर उशिरा बोलतंय: घरात एकच भाषा की दोन्ही?

फोंड्याची मैत्रीण विचारत होती, पोरगा 2 वर्षांचा, मोजकंच बोलतो, तर घरातली कोंकणी बंद करून फक्त मराठी ठेवू का.

शब्द मोजताना 'पाणी' आणि आजीचं कोंकणी 'उदक' दोन्ही धर गं, एकाच भाषेत मोजलंस तर कमीच भरणार. दोन्ही मिळून 50 पण नसतील, दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपास, मग स्पीच थेरपिस्ट. भाषा शिकण्यातलाच खरा डिसऑर्डर असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो.

मेहनत एका भाषेत कमी वाटते, पण आजीला गप्प बसवणार का? आणि भाषा काढून डिसऑर्डर जात नाही.

घर मराठीच असेल तर एकच पुरे, आजी कोंकणीवाली असेल तर दोन्ही ठेव.