अटलांटिसच्या दालनात

फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या अभ्यागत संकुलात ‘अटलांटिस’ हे स्पेस शटल २०१३पासून पाहायला मिळते. आरंभीची चित्रफीत संपताच पडदा वर सरकतो आणि ३३ वेळा अवकाशात जाऊन आलेले ते यान, मालकक्षाची दारे उघडी ठेवून एका कुशीवर कललेले, समोर येते, तेव्हा दालनातली कुजबुज आपोआप थांबते. कठड्यापाशी वाकून पाहिले की उष्णतारोधक फरशांवरचे करपट ओघळसुद्धा दिसतात; यान घासूनपुसून चकचकीत केले नाही, हे फार बरे झाले.

२१ जुलै २०११ रोजी हेच यान उतरले आणि तीस वर्षांत १३५ उड्डाणे केलेला शटल कार्यक्रम संपला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे अमेरिकी अंतराळवीरांना रशियाच्या सोयुझ यानात जागा मागावी लागली. मात्र ही हळहळ भाबडी राहू नये, याची काळजी खालच्या मजल्यावरील स्मृतिदालन घेते. तिथे अपघातांत नष्ट झालेल्या दोन शटलचे अवशेष, म्हणजे चॅलेंजरच्या सांगाड्याचा तुकडा व कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत, आणि चौदा मृतांमध्ये कल्पना चावला यांचे नाव वाचताना पाऊल अडखळते. सुनीता विल्यम्स २००७मध्ये याच अटलांटिसमधून परतल्या होत्या, हे आठवून पुन्हा वर जावेसे वाटले.

आमच्या सहल कंपनीने या दालनासाठी जेमतेम पाऊण तास दिला, तो अगदीच अपुरा आहे. शक्य असल्यास स्वतंत्रपणे, सकाळी दारे उघडतानाच जावे.