बंद पडले की बंद केले? ‘ऊनी प्रोब’ वापरून पाहताना

एखादा ब्लॉग अचानक उघडेनासा झाला, तर त्याचा सर्व्हर बंद पडला आहे, आपलेच इंटरनेट रुसले आहे की वरून आदेश आला आहे, हे पडद्यावरच्या संदेशावरून सहसा कळत नाही. याचा उलगडा करू पाहणारे ‘ऊनी प्रोब’ हे मोफत ॲप मी काही आठवडे वापरले. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर प्रकल्पात २०१२ साली सुरू झालेल्या उपक्रमाचे हे ॲप फोनवर आणि संगणकावरही चालते.

आपण दिलेला पत्ता ते आपल्या जोडणीवरून उघडून पाहते, बाहेरच्या एका सर्व्हरवरूनही तोच पत्ता तपासून घेते आणि दोन्ही उत्तरे ताडून गाडे नेमके कुठे अडले ते दाखवते. माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर एका ब्लॉगचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, बरोबर मिळत होता, पण सुरक्षित जोडणी होताहोताच तुटत होती. मोबाइल डेटावर मात्र तोच ब्लॉग विनासायास उघडला. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधील स्फोटांनंतर मोजकी पाने रोखण्याचा आदेश निघाला आणि इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट ही अख्खी ब्लॉगसेवाच अडवली, तेव्हा असे साधन हाताशी असते तर तिथे लिहिणाऱ्यांना निदान दाद मागायला पुरावा मिळाला असता.

अर्थात, कसे अडवले एवढेच ॲप सांगते. कोणी आणि का, हे नाही. त्याचा दोष ॲपला देता येणार नाही, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, सरकारला संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ६९अ खालील २००९ च्या नियमांत अशा तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवण्याचीच तरतूद आहे. फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरला झालेल्या अटकेमुळे गाजलेले कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, पण ६९अ वैध ठरवले.

माझी खरी तक्रार निकालांच्या भाषेविषयी आहे. ‘बहुधा रोखलेले’ हा शेरा कधीकधी निव्वळ तांत्रिक अडचणीमुळेही उमटतो, आणि नवखा माणूस लगेच सेन्सॉरशिपची आवई उठवू शकतो. शिवाय निकाल आपल्या इंटरनेट कंपनीच्या नावासह जाहीर होतात आणि ॲप स्वतःहून तपासत असलेल्या पत्त्यांच्या तयार यादीत अश्लील संकेतस्थळेही असतात. ॲप सुरुवातीलाच छोटी प्रश्नमंजुषा घेऊन ही जोखीम समजावते, हे मला फार आवडले. मी ते प्रकार सेटिंगमध्ये वगळले आहेत, आपोआप चालणारी चाचणी बंद ठेवली आहे आणि शंका आलेला पत्ता वेगवेगळ्या वेळी तीनदा तपासल्याखेरीज कोणाला काही कळवत नाही.