स्प्रे मशीन, चार लिटरचा डबा आणि शेजारच्या कुरडया

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोघी बहिणी माहेरी येणार म्हणून यंदा गेट आणि ओट्याची जाळी रंगवायला काढली. पेंटर मिळेना. अंमळनेरात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या तोंडावर मोकळा पेंटर शोधणं म्हणजे बोरीच्या पात्रात वैशाखात पाणी शोधणं. शेवटी ऑनलाइन २,३५० रुपयांचं विजेवरचं स्प्रे मशीन मागवलं. ५५० वॉटचं, हातात धरायचं, खाली ८०० मिलीची बाटली. कंप्रेसर लागत नाही. हेच मशीन वेगवेगळ्या नावांची स्टिकरं लावून विकलं जातं, म्हणून नाव लिहीत नाही. वापरून काय झालं ते लिहितो.

आधी हिशोब, कारण फसलो तिथेच. गेट पत्र्याचं, १० बाय ५, दोन्ही बाजू धरून १०० चौरस फूट. जाळी १८ बाय ६, म्हणजे १०८. जाळीचं माप एकाच बाजूचं धरतात, मधली पोकळी आणि मागची बाजू यांची फिटंफाट होते. एकूण २०८, दोन हात मारायचे तर ४१६. इनॅमलच्या डब्यावर लिहिलं होतं, एका हाताला लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर. मी कमीतला आकडा धरला. १० चौरस मीटर म्हणजे १०७ चौरस फूट. भागाकार चाराच्या आतच आला. चार लिटरचा चॉकलेटी डबा आणला आणि स्वतःवर खूश झालो.

डब्यावरचा आकडा सपाट पृष्ठभागाचा असतो, आणि रंग वाऱ्यावर जाणार नाही असं धरून असतो, हे दुकानदारानेही सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

मशीनसोबत प्लास्टिकचा एक छोटा पेला येतो, बुडाला भोक असलेला. रंगात बुडवून वर उचलायचा आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. पुस्तिकेत इनॅमलला २५ ते ३० सेकंद दिले होते. डब्यातला रंग तसाच घेतला तर दीड मिनिट धार चालू! लिटरला १०० मिली टर्पेंटाइन घातलं तेव्हा चाळीसवर आला, १५० घातल्यावर २८. हा पेला फेकू नका, अख्ख्या खोक्यात सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. रंग जुन्या मोज्यातून गाळून घ्या, सायीचा एक तुकडा नोझलमध्ये अडकला की थुंकल्यासारखे ठिपके पडतात.

गेटचं काम मात्र झकास झालं. पत्र्यापासून वीतभर अंतर, हात सरळ रेषेत, आधी हात हलवायचा आणि मग घोडा दाबायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मनगट वळवलं की मधे रंग जाड बसतो आणि ओघळतो. दोन ओघळ आहेत, कुठे ते सांगणार नाही. ब्रशच्या रेघा नाहीत, फिनिश गाडीसारखं. दोन हातांना, टर्पेंटाइन सोडून, २.४ लिटर रंग गेला. म्हणजे लिटरला ८३ चौरस फूट. इथवरची नासाडी समजू शकतो.

जाळीने वाट लावली. गज अर्ध्या इंचाचे, मधे चार-चार इंच मोकळे. फवारा गजावर कमी आणि पलीकडे जास्त. त्यात पहिल्या दिवशी मी सुरुवात केली अकराला. एप्रिलअखेरचं ऊन, पारा ४३ च्या पुढे, लोखंडाला हात लागत नव्हता. रंग गजावर पोचेपर्यंत हवेतच सुकायचा आणि वर सँडपेपरसारखा खरखरीत थर बसायचा. तो भाग घासून काढावा लागला. १८ पैकी १४ फूट जाळीचा एकच हात झाला आणि डबा संपला. ८४ चौरस फुटांना १.६ लिटर! लिटरला ५२, म्हणजे डब्यावरच्या आकड्याच्या निम्मे.

बाकीचा रंग कुठे गेला, ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यांनी अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. "मन्या कुरडाया चाकलेटी करी टाक्यात ना रे भाऊ!" वारं त्यांच्याकडे वाहत होतं, ते मी बघितलंच नव्हतं. दोन पायल्या गव्हाच्या कुरडया फेकाव्या लागल्या, त्यांचा गहू आईने भरून दिला आणि मला चार दिवस ऐकवलं. उन्हाळ्यात आपल्याकडे गल्लीत जिथे-तिथे वाळवण असतं, तेव्हा पहाटे साडेसहाला, वारं पडलेलं असताना काम करा आणि जाळीमागे कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करा. रंग वाचत नाही, शेजार वाचतो. तोंडाला रुमाल पुरत नाही, दुसऱ्या दिवशी नाकातूनही चॉकलेटीच निघालं. फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) बसवलेला मास्क घ्या.

उरलेली जाळी आणि तिचा दुसरा हात ब्रशने मारला. १३२ चौरस फुटांना एक लिटर आणि अर्धा लिटर असे दोन डबे आणले, नवा लॉट जुन्यात किंचित वेगळा दिसतो, पण तो सगळीकडे वरच्या हातात गेल्याने चाललं.

धुण्याचा जाच वेगळा. दर वेळी २५ मिनिटं आणि पाव लिटर टर्पेंटाइन. एकदा घाईत एनसी थिनर (टर्पेंटाइनपेक्षा जहाल) वापरलं तर बाटलीचं रबर फुगून बसलं.

घ्यावं का? पत्र्याचा कूलर, शटर, वेताच्या खुर्च्या, नालीदार पत्रा यांना जरूर. (नालीदार पत्र्याचं माप सपाट घेतलं तर साधारण १४ टक्के वाढवा.) स्प्रे करणार असाल तर सपाट कामाला हिशोबाच्या सव्वापट रंग धरा, जाळीला दुप्पट. खोलीच्या भिंतीला नको, ८०० मिलीची बाटली भरता भरता जीव जातो, रोलर बरा. पाचपैकी तीन.

अर्ध्या लिटरच्या डब्यात तळाला पाव लिटर उरला होता. त्यात काकूंची लोखंडी खाट रंगवून दिली. ब्रशने, त्यांच्यासमोर.