अंक तोच, प्रत दुसरी

जुनी ब्रिटिश कॉमिक्स विकत घेताना लोक कसे फसतात यावर बरंच बोललं जातं. मी विकताना फसवला गेलो. ज्यानं फसवलं त्यानं पैसे वेळेवर भरले, गोड बोलला आणि पार्सल मुदतीत परतही पाठवलं. कागदोपत्री त्याचं काहीच चुकलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांच्या पोटमाळ्यावर साठ-सत्तरच्या दशकातले असे गठ्ठे पडून आहेत. ती पिढी थकली, घरं विकली जाताहेत, आणि हे गठ्ठे आता बाहेर पडणार आहेत.

आमचे काका साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून डॉक्टर म्हणून आले आणि लँकेशरमध्ये ब्लॅकबर्नला राहिले. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथेच वाढला. दर आठवड्याला पेपरवाल्याचा पोऱ्या त्याचं कॉमिक दारात टाकून जायचा. काकूंनी उभ्या जन्मात काही फेकलं नाही. त्या गेल्यावर घर विकायला काढलं, दादा कॅनडात, म्हणून आवराआवर माझ्याकडे आली. पोटमाळ्यावर जुन्या सोलापुरी चादरीत बांधलेला गठ्ठा निघाला. त्यात थोडे 'बीनो', थोडे 'डँडी', आणि 'टीव्ही सेंच्युरी २१' अगदी पहिल्या अंकापासून सलग.

हे कॉमिक काय चीज होती ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा कागदासाठी कोणी एवढी उठाठेव का करेल हे कळणार नाही. पहिला अंक जानेवारी १९६५चा, पण त्यावर तारीख छापलेली २३ जानेवारी २०६५. सगळा मामला शंभर वर्षं पुढचा. मुखपृष्ठ वर्तमानपत्रासारखं, ठळक मथळा आणि फोटो, आणि बातमी काय, तर 'स्टिंगरे' पाणबुडी बेपत्ता! जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या कठपुतळ्यांच्या मालिकांमधलं जग हे खरं जग आहे असं धरून अख्खा अंक रचलेला. मागच्या पानावर 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेतले यंत्रमानवासारखे खलनायक, डॅलेक. लेडी पेनेलोपी तर कॉमिकमध्ये पहिल्याच अंकापासून होती, आणि ती ज्या मालिकेतली, ती 'थंडरबर्ड्स' टीव्हीवर आली त्याच वर्षी ३० सप्टेंबरला.

त्याहून मोठी गोष्ट रंगांची. 'थंडरबर्ड्स'चं चित्रीकरण रंगीत होतं, पण ब्रिटनमधल्या पोरांनी ती पाहिली काळी-पांढरी. बीबीसी-२ वर रंग आला जुलै १९६७ मध्ये, आणि आयटीव्हीवर नोव्हेंबर १९६९ मध्ये. मालिकेतलं थंडरबर्ड २ हे विमान हिरवं आहे हे त्या मुलांना टीव्हीनं सांगितलंच नाही, ते सांगितलं ग्रॅव्ह्युअर छपाईच्या त्या झगझगीत पानांनी. पुढे चित्रकार फ्रँक बेलामी 'थंडरबर्ड्स'ची पानं काढायला लागल्यावर तर विचारायलाच नको. आज साठी-सत्तरीत असलेली माणसं या अंकांसाठी खिसा मोकळा करतात याचं मला आश्चर्य वाटत नाही.

(मी राहतो स्लाऊला. या कठपुतळ्यांचं चित्रीकरण व्हायचं स्लाऊ ट्रेडिंग इस्टेटमध्ये, जिथे मी वर्षानुवर्षं नोकरी केली. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तू तिथे इतकी वर्षं नुसता पगार घ्यायला जात होतास?")

पहिल्या अंकासोबत एक भेटवस्तू होती, गुप्तहेराचा 'आयडेंटिकोड'. अशा भेटवस्तू मुलं वापरून फाडत, हरवत, आणि म्हणूनच आज सगळी किंमत त्यांच्यात असते. १९३७च्या 'डँडी'च्या पहिल्या अंकाची एक प्रत तिच्यासोबतच्या फुकट शिट्टीसकट २००४ साली वीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली होती. आमचा अंक त्या तोडीचा नव्हे, पण दादाचा आयडेंटिकोड शाबूत होता.

दादा म्हणाला, पहिला अंक वेगळा विक, आणि काकू शेवटी जिथे होत्या त्या हॉस्पिसला पैसे दे. मी ऑनलाइन जाहिरात टाकली, किंमत साडेतीनशे पौंड. पानन् पान फोटोत दाखवलं. दोन खुणाही स्वच्छ लिहिल्या. एक, मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात पेपरवाल्यानं पेन्सिलीनं लिहिलेला घराचा नंबर, ४१. कोणता अंक कुठल्या घरी टाकायचा हे पोऱ्याला कळावं म्हणून दुकानदार तसं लिहीत, आणि खूप जुन्या ब्रिटिश कॉमिक्सवर असे आकडे सापडतात. दुसरी खूण आमच्याच घरची. काकू दादाला मराठी शिकवत असत, आणि आतल्या एका पानाच्या समासात त्यानं निळ्या शाईनं 'अ आ इ' गिरवलं होतं.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. माणूस मोठा रसिक! त्याच्या लहानपणी म्हणे आईनं सगळी कॉमिक्स रद्दीत घातली होती. डॅलेकच्या पानाबद्दल तो इतकं नेमकं बोलला की मला वाटलं, प्रत योग्य घरी चालली. त्यानं जास्तीचे फोटो मागितले. पाठीचा कणा, चारही कोपरे जवळून, पेन्सिलीचा आकडा किती दाबून लिहिलाय ते तिरप्या उजेडात. संग्राहक असं विचारतातच, त्यात काही वावगं नाही. आता मात्र मला वाटतं, तो माझी प्रत त्याच्याकडच्या प्रतीशी ताडून बघत होता.

पार्सल पोचलं आणि दोन-तीन दिवसांत तक्रार आली. 'वर्णनाप्रमाणे नाही, आतलं पान फाटलेलं आहे.' विक्री ज्या संकेतस्थळावरून झाली त्याच्या नियमानुसार अशा तक्रारीत माल परत घ्यावाच लागतो, आणि परतीचं पार्सल माझ्या दारात पोचल्याची नोंद झाली की पैसे आपोआप गिऱ्हाइकाकडे जातात. तसे ते गेले. मी पार्सल उघडायच्या आत गेले.

पुठ्ठा माझाच होता, त्यावर मी चिकटवलेली टेपसुद्धा तशीच. आत 'टीव्ही सेंच्युरी २१'चा पहिला अंक होता, तोही अस्सल, १९६५चाच. फक्त तो आमचा नव्हता. कणा उसवलेला, कडा तपकिरी पडलेल्या, आतल्या एका पानातून कोणा मुलानं कात्रीनं चित्र कापून नेलेलं. पेन्सिलीचा आकडा ९. 'अ आ इ'चा पत्ता नाही. आयडेंटिकोडही नाही. अशी प्रत बाजारात वीस-तीस पौंडांना मिळते.

इथे ही चलाखी नीट समजून घ्या. नकली छापायची त्याला गरजच नाही. नकली प्रत भिंगाखाली पकडता येते, पण ही पकडायची कशी? गेलेला अंक पहिला, आलेला अंक पहिला. मी संकेतस्थळाकडे दोन्ही प्रतींचे फोटो पाठवले आणि लिहिलं की शाई वर्तमानपत्री कागदावरून अशी पुसली जात नाही. उत्तर आलं की परत आलेली वस्तू जाहिरातीतल्या नावाशी जुळते. मी पुन्हा लिहिलं की ही प्रत फाटकी आहे. त्यावरचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. प्रत फाटकी आहे हेच तर गिऱ्हाइकाचंही म्हणणं आहे, म्हणजे वस्तूच्या अवस्थेबाबत उभयपक्षी मतभेद नाही!

टपालाचा विमा होता, पण तो पार्सल हरवलं किंवा मोडलं तर. आमचं पार्सल तर दोन्ही वेळा सुखरूप पोचलेलं. पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक मिळाला. छोट्या दाव्यांचं कोर्ट इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे घेतं आणि अर्जही घरबसल्या करता येतो, पण दावा कोणाविरुद्ध ते सांगावं लागतं. ज्या पत्त्यावर मी अंक पाठवला तो निघाला एका किराणा दुकानातला पार्सल ठेवून घेणारा काउंटर. नावाचा माणूस तिथे कोणाला माहीत नाही.

नंतर लंडनच्या एका कॉमिक मार्टमध्ये एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी हे सांगायला लागलो, तर अर्धी गोष्ट त्यानंच पुरी केली. त्याचं म्हणणं, ज्या अंकाच्या फाटक्या प्रती मुबलक आणि चांगल्या दुर्मिळ, तिथे हे चालतं. 'ईगल'चा पहिला अंक, १४ एप्रिल १९५०चा, जवळपास नऊ लाख खपला होता. '२००० एडी'चा पहिला अंक, फेब्रुवारी १९७७चा, त्याच्या भेटीच्या 'स्पेस स्पिनर'शिवाय, म्हणजे उडवायच्या चकतीशिवाय, कुठेही सापडतो. अशी एक खराब प्रत स्वस्तात घेऊन ठेवायची आणि चांगली कोणी विकायला काढली की अदलाबदल करायची. १९३८च्या 'बीनो'च्या पहिल्या अंकाच्या वाटेला हे लोक जात नाहीत, कारण त्याच्या मोजक्याच प्रती उरल्यात आणि प्रत्येकीची खूण न् खूण संग्राहकांना पाठ असते.

तेव्हा तुमच्या घरात असा गठ्ठा निघाला तर निदान एवढं करा. महागडा अंक पारदर्शक पिशवीत घालून तोंडाला क्रमांक असलेलं सील लावा आणि जाहिरातीतच लिहा की सील तुटलं तर परत घेणार नाही. संकेतस्थळ ते मानेलच असं नाही, पण अदलाबदल करणारा अशा अंकाच्या वाटेला सहसा जात नाही. अंकावरच्या खुणा दाखवण्यापासून ते पार्सलवर पत्ता चिकटवून काउंटरवर देईपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या, मध्ये न थांबवता. दोष असेल तो लपवायचा नाही, पण एखादी निरुपद्रवी खूण, कागदातला धागा म्हणा, छपाईतला ठिपका म्हणा, फोटोत न दाखवता स्वतःकडे ठेवा. परत आलेलं पार्सल उघडतानाही कॅमेरा चालू हवा. पत्ता घराचा आहे की पार्सल काउंटरचा, हे नकाशावर बघायला एक मिनिट पुरतं. आणि रक्कम बरी असेल तर सरळ लिलावगृहात नेऊन द्या. ते कमिशन घेतात, फोटोचे वेगळे पैसे लावतात, पण तिथे गिऱ्हाईक प्रत आधी हातात घेऊन बघू शकतं आणि नंतर तक्रारीला जागा फारशी उरत नाही. दादाचे बाकीचे अंक आम्ही तसेच दिले. हॉस्पिसचे पैसे त्यातून गेले.

विकत घेणाऱ्यांसाठीही थोडं. 'टीव्ही २१ अंक १' ('टीव्ही सेंच्युरी २१'चंच छोटं नाव) एवढंच लिहिलेलं दिसलं तर साल विचारा, कारण १९६९ मध्ये 'जो ९०' या कॉमिकशी विलीनीकरण झाल्यावर अंकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली होती, आणि तो 'पहिला' अंक जानेवारी १९६५च्या किमतीला खपवणारे आहेत. 'डँडी'चा छापील अंक डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाला तेव्हा शेवटच्या अंकासोबत पहिल्या अंकाची प्रतिकृती दिली होती, तीही पोटमाळ्यावरचा ठेवा म्हणून फिरते. जुन्या ब्रिटिश चित्रपटांची ३० बाय ४० इंची 'क्वाड' पोस्टरं त्या काळी घड्या घालूनच थिएटरांकडे जात, तेव्हा पन्नासच्या दशकातलं पोस्टर एकही घडी नसलेलं, गुंडाळी करून आलं तर शंका घ्या.

आमची प्रत अजून विक्रीला आलेली माझ्या पाहण्यात नाही. पेन्सिलीचा ४१ त्यानं खोडला असेल, पण कागदावरची खोच तिरप्या उजेडात दिसते. शाई मात्र त्याला काढता यायची नाही, फार तर ते पान तो फोटोत दाखवणार नाही. २३ जानेवारी २०६५चा अंक कुठे विकायला दिसला, आयडेंटिकोडसह, आणि विकणारा सगळी पानं दाखवायला कां-कूं करत असेल, तर आतल्या पानांच्या समासांचे फोटो मागा. निळ्या शाईतलं 'अ आ इ' दिसलं तर पैसे भरू नका, त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि विकणाऱ्याचं खातं जपून ठेवा, आणि मला कळवा. पोलिसांकडचा तक्रार क्रमांक अजून चालू आहे.