घरट्यावरचा क्रॅपी : जिवंत मिनो की जिग?

मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या उत्तर मिसिसिपीतील सार्डिस, इनिड किंवा ग्रेनाडा तलावावर क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा गरवायला जाणाऱ्यापुढे खरा प्रश्न आमिषाचा असतो : गळाला जिवंत मिनो (आमिषाचा लहान मासा) लावावा की जिग (वजनदार डोक्याचा, नकली आमिषाचा गळ) बांधावी? मासे दोन्हींनी मिळतात. परंतु घरटे राखणाऱ्या नरापुरते बोलायचे झाल्यास माझा कल एका बाजूला झुकलेला आहे आणि त्याचे कारण त्या नराच्या स्वभावातच आहे.

पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सियसपर्यंत तापले की नर आधी काठाकडे येतो आणि बुडालेल्या झुडपांच्या बुंध्याशी गाळ सारून उथळ खळगा तयार करतो. या दिवसांत पांढऱ्या क्रॅपीच्या नराचे डोके, गळा आणि छाती इतकी काळवंडते की नवखा माणूस त्याला काळा क्रॅपी ही दुसरी जातच समजतो; शंका असल्यास पाठीच्या पराचे काटे मोजावेत, पांढऱ्याला बहुधा पाच-सहा आणि काळ्याला सात-आठ असतात. मादी अंडी घालून खोल पाण्याकडे परतते आणि राखण नराकडे राहते. अंडी फुटायला पाण्याच्या उबेनुसार दोन ते पाच दिवस लागतात आणि त्यानंतरही पिल्ले काही दिवस खळग्यातच असतात. एवढा काळ हा नर भक्ष्यामागे लांब जात नाही. अंड्यांवर टपलेला ब्लूगिल मासा जवळ आला की मात्र त्याच्या अंगावर धावून जातो. पिल्लांच्या घोळक्याखाली फिरणारी मरळ ज्यांनी आपल्याकडे पाहिली आहे, त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. म्हणून आमिष नेमके खळग्यावर नेऊन तेथेच टिकवणे, हे येथे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

मिनोची अडचण नेमकी याच ठिकाणी येते. ओठातून गळ घातलेला मिनो एका जागी राहत नाही. तो आडोसा शोधत पहिल्या फांदीभोवती वळसा घेतो, मग दुसऱ्या, आणि वर तरंगणारा फ्लोट मात्र शांत दिसत राहतो. ओढून पाहावे तर दोर अडकलेला असतो. तो सोडवताना झुडूप हलते, तळाचा गाळ उठतो आणि आसपासच्या खळग्यांवरचे नर बाजूला होतात. क्रॅपी वसाहतीने घरटी करतात, त्यामुळे एका अडकलेल्या दोरापायी ती सगळी जागा बराच वेळ हातची जाते. मिनोची बादली जपणे, पाणी बदलणे ही कामे मी आनंदाने केली असती. पण हा गुंता मला सोसला नाही.

जिगला स्वतःची हालचाल नसते आणि येथे तोच तिचा गुण आहे. दहा फुटी काठीने ती फांद्यांच्या फटीतून सरळ खाली सोडावी, खळग्याच्या वीतभर वर धरावी आणि हात स्थिर ठेवावा. क्रॅपीची नजर वरच्या बाजूला चांगली चालते, त्यामुळे आमिष त्याच्या खाली जाऊ देऊ नये. माझ्या अनुभवात नर जिगवर चटकन येतो आणि गळ बहुतेक वेळा ओठातच लागतो. जिवंत आमिष मात्र मासा खोल गिळण्याची शक्यता अधिक असते. ज्यांना काळवंडलेला नर परत सोडायचा आहे, त्यांच्यासाठी ही बाब मोठी आहे, कारण तो जितका वेळ खळग्यापासून दूर राहील तितकी अंडी ब्लूगिलना मोकळी मिळतात. ओठ कागदासारखा फाटतो, म्हणून झटका न देता सावकाश वर उचलावे.

मिनोला कमी लेखण्याचा हेतू नाही. थंड वाऱ्यांचा पट्टा येऊन पाणी अचानक गार झाले आणि मासे झुडपांबाहेरच्या खोल कडेला सरकले, तर तेथे मोकळ्या पाण्यात मिनोच सरस ठरतो, असे मला वाटते. अंडी घालण्यापूर्वी खोलावर थांबलेल्या माद्यांसाठीही मी तोच सुचवेन. मुलांना सोबत नेत असाल आणि काठ मोकळा असेल, तरीही मिनो सोपा पडतो.

परंतु झुडपात शिरायचे असेल, तर १/१६ औंसाची जिग घेऊन जावे. वारा पडलेला असेल आणि पाणी गुडघाभरच असेल, तर १/३२ औंसाची अधिक हळू उतरते आणि त्या नराला पाहायला वेळ देते.