संजय गांधी निराधार आणि बालसंगोपन, या दोन्ही सरकारी योजनांचा माझा अनुभव (पाचपैकी साडेतीन स्टार)

आमचे मिस्टर २०२२ ला गेले. पोरं दोन, मोठी तेव्हा चौथीत आणि धाकटा बालवाडीत. मी चार घरी पोळ्या लाटते. नवीन फॉर्म भरणाऱ्या बायकांसाठी लिहितेय, कारण मला तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं, जो तो नुसतं "सेतूत जाऊन बघ" म्हणायचा.

आधी संजय गांधी. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली, सगळ्यांना चालते, वय ६५ च्या आत पाहिजे. महिना १५०० मिळतात, २०२३ ला वाढले, त्याआधी हजार होते आणि दोन मुलं असली तर बाराशे. पैसे ठीक आहेत पण अट बघा, घराचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत! म्हणजे महिन्याला १७५० रुपये. अहो एवढ्यात गॅस भरला आणि तेल आणलं की संपलं, माझे पोळ्यांचेच याच्या तिप्पट होतात. उत्पन्नाच्या दाखल्याला गेले तेव्हा खरा आकडा सांगायला तोंड उघडलं तर शेजारी बसलेल्या आजीने पदर ओढला, "गप गं बाई, वीस सांग, सगळे वीसच सांगतात." मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. आणि लाडकी बहीणला तेच पंधराशे, तिथे मर्यादा अडीच लाख. बरं एकीकडचे पंधराशे चालू असले की दुसरीकडचे नाहीत.

बालसंगोपन मात्र खरंच कामाची, आणि हिचं नाव कोणालाच माहीत नसतं. पोरीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. आई किंवा वडील नसलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २२५०, आधी ११०० होते. म्हणजे आमच्या दोघांचे मिळून साडेचार हजार, संजय गांधीच्या तिप्पट!! फॉर्म जिल्ह्याच्या महिला व बालविकास ऑफिसला जातो आणि मग बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं, तो दिवस शाळा पण बुडते आणि माझा खाडा पण. कागदांमध्ये एक फोटो लागतो, घरासमोर मुलं आणि आई उभी. धाकटा बॅट सोडून उभाच राहीना, शेवटी तसाच काढला. समितीतल्या मॅडमनी तो बघून पहिला प्रश्न त्यालाच विचारला, "तू बॅटिंग करतोस की बॉलिंग?" मला वाटलं होतं मलाच काय काय विचारतील, रात्रभर झोप नव्हती.

आता त्रास. मृत्यू दाखल्यावर मिस्टरांच्या नावात एक वेलांटी चुकलेली, आधारवर दीर्घ आणि इकडे ऱ्हस्व, त्या वेलांटीपायी तीन फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं. मंजुरीची ऑर्डर यायला सात महिने लागले. आणि पैसे दर महिन्याला येतात असं समजू नका, आम्हाला एकदा पाच महिन्यांचे एकदम आले आणि मग कितीतरी दिवस काहीच नाही, किराणावाला पहिल्यासारखा हसत नाही आता. दरवर्षी संजय गांधीला हयातीचा दाखला, इकडे मुलांचं बोनाफाईड, ते विसरलात तर बंद पडतं.

मृत्यू दाखल्याच्या दहा झेरॉक्स आधीच काढून ठेवा आणि नावं सगळीकडे जुळतात का ते फॉर्म भरायच्या आधी बघा. बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असाल आणि कमावता माणूस ६० च्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे २० हजार एकदाच मिळतात तेही विचारा, आम्ही यादीत नाही म्हणून आमचे हुकले.

दीड स्टार कापला, एक त्या २१ हजाराचा आणि अर्धा वेलांटीचा. या महिन्याचे अजून जमा नाहीत, तुमच्याकडे कोणाचे आले असतील तर सांगा, म्हणजे मी पासबुक भरायला जाते.