जतजवळून आणलेलं कारवान पिल्लू: कुत्र्याला पाच स्टार, कागदाला दोन

आधी लॅबच, म्हणजे लॅब्रॅडॉर, आणायचं ठरलं होतं. पुण्यात एका दुकानात गेलो, काचेमागे पिल्लं, दुकानदार म्हणे पंचेचाळीस दिवसांचं आहे, आजच न्या, केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया) वंशावळीचा पेपर मागून कुरिअर करतो. आई दाखवा म्हटलं तर आई 'फार्मवर', आणि फार्म कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. 2017 च्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असं मी बोलले तर असा बघायला लागला जसं काही मी जीएसटीची धाड घेऊन आलेय. निघालो तिथून.

सासरे मूळचे सांगोल्याचे. त्यांचं पालुपद एकच, आपल्याकडचं कारवानी सोडून हे गुबगुबीत कशाला. (यालाच मुधोळ पण म्हणतात, पण केसीआयच्या पेपरवर कारवान हाउंडच येतं, त्यामुळे मुधोळ वेगळं आणि भारी म्हणून जास्त पैसे सांगणारा भेटला तर चहा पिऊन परत या.) ओळखीतून जतच्या पुढे एका वस्तीवर गेलो. लिंबाखाली आई बांधलेली, बाप शेडमागे, सहा पिल्लं मेंढ्यांच्या आसपास लोळत होती. आई आली, लांबूनच वास घेतला आणि परत जाऊन बसली, शेपूट हलवणं वगैरे काही नाही, ही जातच तशी, परक्याचा हात आवडत नाही. सासऱ्यांनी पिल्लांच्या हिरड्या बघितल्या, डोळे, पोट, मागून चाल. मला एक फार आवडलं होतं, पैसे काढले तर तो माणूस म्हणाला, "पाव्हणं, अजून तीन आठवडं ऱ्हाऊद्या आईपाशी. चावायचं किती ते तीच शिकवती." डिझेल गेलं ते गेलं पण या एका वाक्यावर माझे तीन स्टार. आमच्या नणंदेकडचं लॅब महिन्याचं असताना आणलं होतं, तिचे हात बघा कधी.

14 हजार घेतले, पेपरसकट.

आता तक्रार. लसीचं कार्ड दिलं त्यावर नुसती पेनाने तारीख, बाटलीवरचा स्टिकर नाही, डॉक्टरचा शिक्का नाही. आमचे डॉक्टर म्हणाले हे मी धरतच नाही, पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लसीचे डोस पहिल्यापासून. शिवाय शी तपासली तर जंत. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, म्हणजे दोन महिने फ्लॅटमध्ये कोंडलेला कारवानी, सोफ्याचा एक कोपरा त्यातच गेला. कार्ड जागेवरच उघडून बघा, पिल्लू मांडीवर आल्यावर कोणी बघत नाही, आम्ही पण नाही बघितलं.

कुत्रा मात्र एक नंबर. आता दीड वर्षाचा, खांद्याला 27 इंच, वजन 22 किलो, बरगड्या दिसतात आणि सोसायटीतले सगळे विचारतात उपाशी ठेवता का. दिवसभर झोपतो, खरंच मांजरासारखा, सकाळी मात्र बंद मैदान लागतंच. मोकळ्यावर पट्टा सोडू नका, मांजर दिसलं की हाक वगैरे त्याच्या कानातच शिरत नाही, नजरेवर शिकार करणारं कुत्रं आहे ते. अंगावर चरबी नाही म्हणून थंडीत माझ्या जुन्या स्वेटरमध्ये असतो, आणि ऑपरेशनच्या वेळी भुलीचं औषध जपून द्यावं लागतं असं डॉक्टरांनी आधीच बजावलंय. केस गळणं लॅबच्या मानाने काहीच नाही.

आणि तो पेपर. महिन्यात येतो म्हणाले होते, सात महिने लागले, प्रत्येक फोनला "आज टाकलाच समजा". तसा त्या कागदावरून फक्त आईबाप कोण ते कळतं, कुत्रा निरोगी आहे का ते नाही, त्यामुळे मी मध्ये नाद सोडला होता. शेवटी आला एकदाचा. उघडला तर आमच्या या दांडगट नरापुढे 'मादी' लिहिलंय. दुरुस्तीला परत पाठवलाय, त्याला आता चौथा महिना.